जामिनावर सुटलेला गहू

माझ्या भावाने आयुष्यात जितकी पोती उचलली, जवळजवळ तितकीच माणसं आपटली. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. गोदामाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कुठल्याही हमालाला विचारा. तो आधी स्वतःचा जबडा चाचपेल, मग बोलेल. भावाला सगळे हातोडा म्हणायचे. मी दादा म्हणायची. सख्खा भाऊ होता, दुसरं काय म्हणणार?

आमचा बाप दारू पीत नसे. त्यामुळे गल्लीत त्याला सज्जन समजत. तो शुद्धीत मारायचा, लोखंडी पट्टीने, आणि मारून झालं की पट्टी पुसून खुंटीला लावायचा. आई तापात गेली, त्यानंतर पट्टी माझ्याकडे वळली. दादाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. एके सकाळी बापाने पट्टी उगारली आणि दादाने तो हात वरच्या वर धरून दाराच्या चौकटीवर असा आपटला की कोपराखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. बाप आधी ओरडला, मग खाली बसला, मग दादाकडे बघून म्हणाला, "ठीक आहे. आजपासून घर तू चालव." जणू नोकरीची परीक्षाच घेतली होती! दुसऱ्या दिवशी दादा धान्याच्या गोदामात हमाल म्हणून लागला. पट्टी त्याने नाल्यात फेकली, पण पट्टीची विद्या त्याच्याकडेच राहिली.

गोदामात पोतं पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीवर चढायचं असतं. थप्पी म्हणजे पोत्यांची रचलेली भिंत, छताला टेकेल इतकी उंच. जड माल खाली, हलका वर, आणि मधूनमधून एक थर आडवा घालायचा, म्हणजे थप्पी स्वतःला धरून राहते. जुना मुकादम एकदा तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या हमालाला शिव्या देत फळीवर चढवत होता. म्हातारा पडला. दादाने आपलं पोतं उतरवलं, मुकादमाला गळ्याला धरून फळीच्या टोकापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. खाली दगडी फरशी होती. मुकादम वाचला, पण पुन्हा कधी सरळ चालला नाही. मालक आपल्या काचेच्या खोलीतून हे सगळं बघत होता. त्याने पोलिसांना बोलावलं नाही. दादालाच आत बोलावलं आणि मुकादम केलं. मालकाला माणूस नको होता, दाराशी बांधायला कुत्रा हवा होता. दादाला हे कळायला फार उशीर लागला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण बहिणीचं ऐकतो कोण?

त्याचं लग्न झालं. वहिनीने वर्षभर त्याचे हात पाहिले आणि एका दुपारी चपला हातात घेऊन निघून गेली. मीच तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले. दादाने तिला शोधलं नाही. संध्याकाळी दाराकडे बघत बसला आणि म्हणाला, "बरं झालं गेली. नाहीतर एखाद्या दिवशी माझ्या हातून मेली असती." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य.

मी त्याच गोदामाच्या दाराशी बसून पोती शिवायची. दाभण, सुतळीचा गुंडा आणि खाली एक फाटकं पोतं, एवढाच माझा संसार. पोत्याचं तोंड शिवताना दोन्ही टोकांना कापड मुरडून कान ठेवावे लागतात. हमाल त्या कानांना धरून पोतं उचलतो. दादाची दोन बोटं ट्रकच्या फाळक्यात चेचली होती, त्याला लहान कान धरता येत नसत. म्हणून मी कान मोठे ठेवायची. सुतळी जास्त जाते म्हणून मालक कुरकुरायचा. दादाने एकदा त्याच्याकडे नुसतं वळून पाहिलं, तेव्हापासून सुतळीचा विषय बंद झाला. दादा मला लाडाने दाभण म्हणायचा. "ए दाभण, जेवलीस का?" एवढंच त्याचं प्रेम, पण रोज होतं.

माझा नवराही दादानेच निवडला. हमालांच्या टोळीत एक डावखुरा पोरगा नवीन आला होता, सगळे त्याला डावऱ्या म्हणत. पहिल्याच दिवशी उशिरा आला म्हणून दादाने त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगा पडला, उठला, आणि गाल चोळत म्हणाला, "मुकादम, या गालाचं लग्न झालं. दुसरा रुसून बसेल ना!" सगळी टोळी हसली. दादाही हसला, आणि दादाला हसवणारा माणूस जगात दुसरा नव्हता. सहा महिन्यांत आमचं लग्न झालं. घर दोन खोल्यांचं, बापाच्या मागे दादाच्या नावावर झालेलं. पुढच्या खोलीत दादा, मागच्या खोलीत आम्ही. तो हसवायचा, मी हसायची. सुखात होते मी. हे सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला खरं वाटणार नाही.

त्या साली बाजारातून गहू गायब झाला. दुकानांपुढे रांगा लागल्या, रांगांत मारामाऱ्या होऊ लागल्या, आणि आमच्या गोदामात मात्र थप्पी छताला लागलेली. सरकारी साहेब शिपाई घेऊन आला, साठेबाजीचा खटला भरला, गहू जप्त केला आणि दाराला कुलूप लावून लाखेचा शिक्का मारला. टोळीचं काम बंद पडलं. जे लोक रोज टनाने धान्य पाठीवर वाहत होते, त्यांच्या घरात शिजवायला मूठभर उरलं नाही.

बातमी फुटली की आत गहू आहे. एका सकाळी माणसं आली. हातात पिशव्या, डबे, उशांचे अभ्रे, आणि काहींच्या हातात पहारी. गोदाम सरकारच्या कुलपात होतं, दादाचा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता. तरी तो पोती ओढायचा आपला लोखंडी आकडा घेऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. मी ओरडले, "दादा, बाजूला हो! तुझा गहू आहे का तो?" तो म्हणाला, "थप्पी माझी आहे." लोकांनी दगड मारले. त्याने पुढे येऊन पहिल्याचं नाक फोडलं, दुसऱ्याचा खांदा आकड्याने उघडा केला. तिसरा आमच्या शेजारचा शिंपी होता, चार लेकरांचा बाप, हातात उशीचा अभ्रा. त्याचे पुढचे दात दादाने फरशीवर पाडले. मग एक दगड येऊन दादाच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्यातून रक्त आणि पाणी गालावर आलं आणि तो तसाच उभा राहिला. लोक घाबरून मागे सरले. शिंप्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

डोळा गेला. खोबणीत पू व्हायचा, दर दोन दिवसांनी इस्पितळात जाऊन पट्टी बदलावी लागायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या पट्टीच्या दिवसांत झालं.

मालक कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने सांगितलं की बंद गोदामात गव्हाला पोरकिडे लागलेत, उंदरांनी पोती फोडलीत, खटल्याचा निकाल लागेपर्यंत आत नुसतं पीठ उरेल आणि ते ना सरकारच्या कामाचं ना मालकाच्या. न्यायाधीशांना पटलं. त्यांनी हुकूम दिला: गहू मालकाच्या ताब्यात द्या, त्याने तो वारा देऊन, किडे मारून सांभाळावा, पण विकायचा नाही. कोर्ट मागेल तेव्हा तेवढाच गहू हजर करायचा. आणि त्यासाठी तारण हवं. मालकाची सगळी मालमत्ता बँकेकडे गहाण होती, म्हणून दुसरा कुणी जामीनदार हवा, ज्याच्या नावावर कर्ज नसलेलं घर आहे. गहू कमी भरला तर ते घर विकून भरपाई करायची. "गव्हाला जामीन मिळाला!" म्हणून टोळीने शिट्ट्या मारल्या.

जामीनदार कोण, ते मला संध्याकाळी कळलं. दादा सही करून आला होता.

मी हातातलं पातेलं त्याच्या अंगावर फेकलं. ते कपाळाला लागलं, पट्टीच्या वर. त्याने चुकवलं नाही.

"मला विचारलंस? याच घरात राहते ना मी?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग!"

"तीस घरांत चूल नाही, दाभण. कुलूप निघालं तर उद्यापासून वारा द्यायचं, पोती बदलायचं, थप्पी फिरवायचं काम निघेल. टोळी जेवेल." त्याने कपाळ पुसलं. "आणि किल्ली माझ्याकडे आहे. माझ्या थप्पीतून पोतं कोण काढणार? आईचं दूध प्यालाय कुणी?"

माझा नवरा उंबऱ्यात उभा होता. एरवी अशा वेळी तो काहीतरी बोलून हसवायचा. त्या दिवशी तसाच वळून बाहेर निघून गेला.

शिक्का निघाला. दार उघडलं तेव्हा आतून गरम, आंबूस वास आला, आणि भिंती किड्यांनी काळ्या झालेल्या. काम सुरू झालं. हमाल फाटकी पोती आणून माझ्यापुढे टाकत, गहू चाळला जाई, नव्या पोत्यात भरला जाई, मी तोंड शिवत असे. माझ्या बोटांना भेगा पडल्या. पण टोळीतल्या बायका दुपारी डबे घेऊन येऊ लागल्या आणि त्या डब्यांत काहीतरी असायचं. तेवढ्यापुरतं मलाही वाटलं की दादाने बरं केलं. कोर्टाचा बेलीफ अधूनमधून यायचा, समोरचे थर मोजायचा, एखाद्या पोत्यात नळी खुपसून दाणे हातावर घ्यायचा आणि जायचा.

एके दिवशी दादा पट्टी बदलायला गेला होता. मागच्या भिंतीशी थप्पीच्या बाजूला एक पोतं उसवलंय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी दाभण घेऊन आत गेले. ते शिवून झालं. सहज शेजारच्या पोत्याकडे नजर गेली आणि हात थांबला. टाके उलटे होते. माझे टाके उजवीकडे कलतात; माझा हातच तसा आहे. हे टाके डावीकडे कलले होते, आणि कान इवलेसे. त्याच्या खालचं पोतं तसंच, त्याच्या खालचंही. मी दाभण खुपसली. गव्हात दाभण अडते, दाबावी लागते. ही सर्रकन मुठीपर्यंत आत गेली. बाहेर ओढली तर टोकाला भुसा.

समोरचे आणि वरचे थर गव्हाचे. आतली सगळी थप्पी भुशाची. आणि डाव्या हाताने शिवणारा माणूस त्या गोदामात एकच होता. तो रोज माझ्या शेजारी झोपत होता.

दादा इस्पितळातून परतायच्या आत नवऱ्याला गाठायचं म्हणून दाभण हातात घेऊनच निघाले. घरी आले. तो जेवायला आलेला, मागच्या खोलीत बसून चप्पल दुरुस्त करत होता. मी दाराला कडी घातली.

"तुम्ही भुसा भरलाय."

त्याने वर पाहिलं. आधी हसला, सवयीने. मग माझ्या हातातली दाभण पाहिली आणि हसू विरलं.

"मालकानं सांगितलं. खटला मिटेल, मग परत भरून टाकणार आहे. तोपर्यंत भाव आहे तर..."

"आणि नाही मिटला तर? नाही भरला तर? हे घर जाईल, कळतंय का?"

"टोळीतल्या सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "दादा पट्टीला गेला आणि तू स्वयंपाकाला घरी आलीस की ट्रक लागायचा. सगळ्यांनी उचललाय माल, सगळ्यांना मिळालंय. फक्त तुझ्या दादाला माहीत नाही."

"ज्यांच्यासाठी त्यानं घर लिहून दिलं, त्यांनी?"

"घर लिहून दिलं!" तो एकदम उसळला. मी त्याला कधी असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला विचारलं? घरजावई म्हणून कोपऱ्यात पडलोय मी. चारचौघांत कानाखाली खातो, वर विनोद करतो. लोकांना वाटतं डावऱ्याला लागत नाही. लागतं गं! रोज लागतं. जाऊ दे ते घर. जाऊ दे एकदाचं. तेव्हा तो आणि मी सारखे होऊ."

आमच्या घराण्यात शब्द संपले की हात सुरू होतात. त्याचा डावा हात पाटावर टेकलेला होता. मी दाभण वर केली आणि तळव्यातून आरपार खाली पाटात रोवली. त्याने किंकाळी मारली. मी त्याच्या तोंडावर हात दाबला आणि कानाशी बोलले, आणि पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. "ऐक. उद्या मालकाकडे जा. एकेक पोतं परत भरून घे. दादाला कळायच्या आत. कळलं तर तो तुला जिवंत ठेवणार नाही, आणि मला तू हवा आहेस, हरामखोरा." तो रडत मान हलवत होता. मी दाभण उपटली, हात धुतला, हळद दाबली, फडकं बांधलं. दादा येऊन झोपेपर्यंत आम्ही दोघं कडी लावून त्या खोलीत एकमेकांना धरून बसलो. मला वाटलं, निस्तरलं.

सकाळी दादा किल्ली घेऊन पुढे, आम्ही मागे. टोळी दाराशी जमली. दादाने कुलूप काढलं, वळला, आणि त्याच्या एका डोळ्याला ते फडकं दिसलं.

"हाताला काय झालं रे?"

आणि माझा नवरा, ज्याच्या जिभेवर सदा उत्तर तयार असायचं, तो म्हणाला, "काही नाही मुकादम. पोतं शिवताना दाभण लागली."

मी डोळे मिटले.

दादाने किल्ली कमरेला खोचली. मग सावकाश म्हणाला, "तू कधीपासून पोती शिवायला लागलास?"

  दादाने टोळीच्या तीस चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ज्याने-त्याने नजर खाली घातली. त्याला तिथेच सगळं कळलं असणार. तरी तो आत गेला, थप्पीच्या बाजूला गेला आणि चेचलेल्या बोटांनी पोत्यांची तोंडं चाचपत चालू लागला. एक कान धरला, सोडला. दुसरा धरला. आकडा मारून एक पोतं फाडलं आणि भुसा त्याच्या पायांवर सांडला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तसा आवाज मी बापाच्या हाताचं हाड मोडलं तेव्हा ऐकला होता. तेव्हा तो बापाचा होता.

माझा नवरा पळाला. पण दारात टोळी उभी होती आणि टोळीने त्याला वाट दिली नाही. आदल्या दिवशीपर्यंत भागीदार होते सगळे! आता एकाचा जीव घेऊन सुटका होत असेल तर होऊ दे, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो फळीवरून वर चढला, थेट थप्पीच्या माथ्यावर, आणि फळी लाथेने खाली पाडली.

"खाली ये," दादा म्हणाला.

"नाही येत."

"खाली ये, डावऱ्या."

"मुकादम," वरून आवाज आला, कापरा, "तुम्हीच वर या ना. पाहुणचार करतो." त्याही वेळी. कुणीतरी खरंच हसलं.

मी दादाचा हात धरला. "दादा, गहू परत भरून देतो म्हणालाय. दादा, घर वाचेल. माझ्याकडे बघ." त्याने मला असं झटकलं की मी तराजूवर जाऊन पडले आणि खांदा निखळला. त्याने आकडा उचलला आणि सगळ्यात खालच्या थरातल्या पोत्यात रुतवला.

आता हे नीट ऐका. थप्पीच्या खालचं पोतं कुणाच्या बापाला ओढून काढता येत नाही. वरचं वजनच इतकं असतं की गव्हाचं पोतं तसूभरही हललं नसतं. पण ते गव्हाचं नव्हतंच. वरच्या थरांत थोडी खरी पोती लपवायला ठेवलेली, खाली भुसा. जड वर आणि हलकं खाली. हमालाच्या जातीने कधी करू नये ते या हमालांनी पैशापायी केलं होतं. आणि दादाला ते माहीत होतं की नव्हतं, यावर नंतर कोर्टात खूप बोलणं झालं. मला विचाराल तर मी त्याचा चेहरा पाहिला. त्याने आधी वर पाहिलं. मग ओढलं.

पोतं सुळकन बाहेर आलं. थप्पी एका बाजूने दबली, क्षणभर तशीच थांबली, आणि मग सगळीच्या सगळी पुढे आली. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा दादा पोत्यांच्या ढिगावर चढून दोन्ही हातांनी पोती उपसत होता. एकेक पोतं डोक्यावरून मागे फेकत होता आणि ओरडत होता, "श्वास धर! श्वास धर रे, मी आलो!" नखं उलटली, पट्टी सुटली, डोळ्याच्या खोबणीतून रक्त ओघळत होतं. ज्याला मारायला ओढलं त्यालाच वाचवायला खणत होता. असा माझा भाऊ.

माझा नवरा खऱ्या गव्हाच्या दोन पोत्यांखाली सापडला. छाती चेपलेली होती. तोंडात दाणे होते. मी ते बोटाने काढले. ते सगळे काढून होईपर्यंत त्याने मला ओळखलं, मग नाही ओळखलं.

मालक आला. ढीग पाहिला, भुसा पाहिला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "मुकादमानंच माल पळवलाय. किल्ली त्याच्याकडेच होती. बघा, साक्षीदारालासुद्धा मारलं!" दादाने त्याला काचेच्या खोलीच्या काचेतून आत फेकलं आणि त्याच्या छातीवर बसून तोंडावर ठोसे मारत राहिला, दात घशात जाईपर्यंत. तेव्हा टोळीने दादाला ओढलं. ज्या तीस घरांसाठी त्याने सही केली होती, त्या घरांतल्या माणसांनी त्याला फळीने मारलं, लाथांनी मारलं, तो पडल्यावरही मारलं, कारण तो उठून बोलला असता तर सगळेच आत गेले असते. त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. बापाचा मोडला होता, तोच. मी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी उठले नाही. मला उठावंसं वाटलं नाही.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी जे पाहिलं तेच सांगितलं. आधी वर पाहिलं, मग ओढलं. टाके, भुसा, मालक, टोळी, तेही सांगितलं. दादा कोठडीच्या गजांमागून ऐकत होता. म्हणाला, "बरोबर सांगितलंस, दाभण." त्याच्याकडे न बघता मी बाहेर आले.

गहू कमी भरला, म्हणून घर गेलं. बेलीफ तोच होता. त्याने दाराला लाखेचा शिक्का मारला, आणि शिक्का ओला असताना मला वाटलं त्यात अंगठा खुपसावा. मालकाला महिन्याभरात जामीन मिळाला. त्याच्या साडूचं मोठं घर होतं. उरलेला खरा गहू पुन्हा जप्त झाला, आणि पुन्हा त्याला किडे लागतील म्हणून पुन्हा अर्ज झाला. नवा जामीनदार मिळाला आणि गहू दुसऱ्यांदा सुटला. आता मीच त्याची पोती शिवते. पोटाला दुसरं काय येतं मला? हात आपोआप मोठे कान ठेवतो, आणि नवा मुकादम सुतळी जाते म्हणून ओरडतो.

दादालाही कोर्टाने जामीन मंजूर केलाय. हुकूम होऊन बरेच दिवस झाले. हात वाकडा जुळलाय, एक डोळा नाही, पळून जाणार कुठे? फक्त जामीनदार हवा, ज्याच्या नावावर घर आहे असा. टोळीतला एकही पुढे आला नाही. सरकारने दिलेला वकील तरुण आहे, भला आहे. परवा कोर्टाच्या जिन्यात त्याने मला गाठलं.

"तुमच्या नावावर काही घरबीर?"

"होतं एक, दादाच्या नावावर. गव्हाला जामीन राहिलं, त्यात गेलं."

तो ओशाळला. कागद आवरता आवरता हळूच म्हणाला, "समजा असतं, तर दिलं असतंत? नाही, तुमच्या यजमानांचं... म्हणून विचारलं."

मी खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "लिहून दिलं असतं. त्याच दिवशी. आणि तो सुटून दारात आला असता, तर दार उघडलं नसतं."